सामाईक भिंत

११ फेब्रुवारी. सकाळी शेजारशेजारच्या दोन घरांत मिळून पाच माणसे होती. दुपारी चार उरली. सुनेच्या पोटातला जीव शिरगणतीत धरत नाहीत, म्हणून इथेही धरलेला नाही.

पहिल्या घरात मावशी, तिचा मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, सून औषधांच्या दुकानात. मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे, सगळे गाठोड्यांनी तिथे येई आणि उकळून, वाळून, घडी होऊन परत वॉर्डात जाई. तिचे खरे नाव फक्त हजेरीपुस्तकात होते. डॉक्टर तिला मावशी म्हणत, रोगी मावशी म्हणत, आणि तिच्याहून वयाने मोठा असलेला बॉयलरवालाही मावशीच म्हणे.

दुसऱ्या घरात घड्याळजी आणि त्याची बायको. बाजारातल्या एका जिन्याखाली घड्याळे दुरुस्त करण्याचे त्याचे दुकान होते. दुकान म्हणजे एक काचेचे कपाट, एक दिवा आणि बसला तर गुडघे भिंतीला टेकतील एवढी जागा. मावशी त्याला भाऊ म्हणे, म्हणून त्याची बायको वहिनी झाली; आणि वहिनीने ते नाते पक्के धरून मावशीला वन्सं म्हणायला सुरुवात केली. नणंद-भावजयीत कुरबूर असायचीच. यांचे नाते मानलेले होते, म्हणून कुरबूरही मानलेलीच, आणि ती त्या दोघी मागच्या दारी, दोन परसांमधल्या खांद्याएवढ्या जुन्या कुंपणभिंतीवरून, रोज आवडीने करत.

"वन्सं, तुमच्या भावानं आज मिठाच्या बरणीत स्क्रू ठेवलेत."

"मग टाक आमटीत. लोह मिळतं म्हणे."

"तुमच्याच घरचं वळण हे. आमच्या माहेरी मीठ मिठातच असायचं."

"तुझ्या माहेरी मीठ होतं? मग इतकी आळणी कशी आलीस तू आमच्याकडे?"

असे ते चाले. वहिनीला मूल नव्हते. मावशीच्या मुलाने शाळेतून आल्यावर निम्मे बालपण त्या भिंतीवर बसून, एक पाय इकडे आणि एक तिकडे टाकून घालवले होते. जेवण जिथले आधी होईल तिकडे तो उडी मारी.

मावशीच्या स्वभावाविषयी एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच घडले. तिला फार भीड होती. भीड म्हणजे भीती नव्हे. भीतीत समोरच्याकडून आपल्याला काही होईल अशी शंका असते. भिडेत आपल्यामुळे समोरच्याला काही होईल अशी. दाढ सुजून तोंड उघडेनासे झाले तरी तिने रजा मागितली नव्हती, कारण तिच्या पाळीला दुसरी बाई अडकली असती. नवरा गेला त्या आठवड्यातही सांत्वनाला आलेल्या माणसांना उठून चहा तीच देत होती. दुसऱ्यासाठी ती वाटेल तितकी राबे. स्वतःसाठी दोन शब्द खर्च करणे तिच्या जिवावर येई. जिथे घरे एकमेकांना इतकी लागून असतात की शेजारचा खोकला आपल्या ताटावर ऐकू येतो, तिथे माणसे या भिडेच्या आधारानेच एकत्र नांदतात. ती नसती तर रोज भांडणे झाली असती. म्हणून तिला सगळे गुणच समजतात, आणि कोणी तिचा हिशेब विचारत नाही.

मावशीचे घर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच होते. रात्री मुलगा-सून खोलीत आणि मावशी ओट्याखाली पाय घालून स्वयंपाकघरात झोपे. सून गरोदर राहिली तेव्हा मुलाने सरळच सांगितले.

"आई, हिच्या वडिलांचा वरचा मजला रिकामा आहे. तिकडे काम मिळतंय मला. तू पण चल."

"मी तिकडे काय करू? व्याह्यांच्या घरी पाहुणी म्हणून मरू?"

"मग इथं बाळ ठेवायचं कुठं? फडताळात?"

"मागं जागा आहे की. खोली काढू."

मुलगा हसला, पण त्याला इथून जायची हौस नव्हती. "खोली झाली तर राहतो," तो म्हणाला. "बाळ यायच्या आत झाली पाहिजे मात्र. नंतर हिला हलवता येणार नाही."

तेव्हापासून मावशीच्या आयुष्यात दुसरी गोष्ट उरली नाही. खोली झाली तर मुलगा राहणार, नाही झाली तर जाणार.

मागची जागा म्हणजे घर आणि कुंपणभिंत यांच्यामधला एक पट्टा. गवंड्याने फूटपट्टी लावून पाहिले आणि मान हलवली. हद्दीच्या आत आपली वेगळी भिंत घेतली तर खोलीचा बोळ होईल, खाट लावली की दार उघडणार नाही. खोली व्हायची तर भिंत हद्दीवरच हवी. म्हणजे जुनी पातळ कुंपणभिंत काढून तिथे छत पेलणारी जाड भिंत, अर्धी या जागेत, अर्धी त्या जागेत. त्यासाठी शेजाऱ्याची संमती लागते. मावशी हे कोणाला विचारणार नव्हती. ती आठवडाभर गप्प राहिली. शेवटी वहिनीनेच भिंतीवरून तोंड काढले.

"वन्सं, तुमचा गवंडी काल आमच्या भिंतीकडं असा बघत होता जसं तिचं लग्न ठरवायचंय. काय भानगड आहे?"

मावशीने अडखळत सांगितले.

"एवढंच ना? मग घ्या की सामाईक! उद्या आम्हालाही तिच्यावर छप्पर टाकता येईल. खर्च अर्धा आमचा. आणि नाही म्हणायचं नाही, नाहीतर मी या गुडघ्यानं भिंत चढून येईन."

घड्याळजीने संमतिपत्रावर सही केली आणि पेन झाकता झाकता म्हणाला, "ताई, एका भिंतीला दोन घरं म्हणजे एका किल्लीला दोन घड्याळं. बंद पडलं तर दोघांचं एकदम पडेल." त्याचे विनोद असेच असत, ते समजायला थोडा वेळ लागे.

जुनी भिंत पाडली गेली. दोन्ही परसे एक झाली. मग पाया आखताना अडचण आली.

भिंत हद्दीच्या रेषेवर मधोमध उभी राहायची, तर खाली पायाही दोन्ही अंगांना सारखा पसरलेला हवा. वहिनीच्या अंगाला फरशी होती. ती घड्याळजीने दुकान बंद असेल त्या दिवशी एक-एक करून, मोठ्या निगुतीने, स्वतः बसवली होती. फरशीवर पत्र्याचे छप्पर, आणि छपराखाली वहिनीची खाट. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन फार काळ झाला नव्हता. घरात शिरायला उंच पायऱ्या होत्या, म्हणून ती दिवसभर त्या खाटेवरच असे. फरशी फोडायची तर छप्पर काढावे लागणार, खाट उचलावी लागणार, आणि वहिनीला रोज पायऱ्या चढाव्या लागणार.

गवंडी कुदळ घेऊन उभा होता. मावशीने पाहिले, वहिनीचा डोळा लागला होता. गुडघ्याखाली उशी होती.

"त्यांची फरशी नको फोडूस," मावशी हळू आवाजात म्हणाली.

"मावशी, मग पाया कुठं घेऊ?"

"आपल्या अंगाला घे. हवा तेवढा रुंद घे."

"असं नाही होत. भिंत पायाच्या कडेवर येईल. म्हणजे एका पायावर उभं राहिल्यासारखं."

"तिचा गुडघा बघ. आत्ता कुठं बाई पाय टेकायला लागलीय. मी तिला उठवू का?"

"विचारून तर बघा. नाही म्हणणार नाहीत त्या."

"नाही म्हणणार नाही म्हणूनच विचारायचं नाही."

गवंडी थोडा वेळ कुदळीच्या दांड्याशी चाळा करत राहिला. त्याच्या बायकोचे बाळंतपण अवघड झाले होते तेव्हा मावशीने आपली पाळी संपल्यावर तिच्या उशाशी बसून रात्र काढली होती, आणि वॉर्डाला नियमाने मिळत त्याहून जास्त चादरी तिच्यासाठी पोचवल्या होत्या. त्यालाही भीड पडली. "तुमचा शब्द मोडवत नाही," तो म्हणाला आणि आपल्या समाधानासाठी पाया मावशीच्या अंगाला आणखी वीतभर रुंद केला. कडेवरचा भार त्याने हलका होत नाही, हे त्याला माहीत नव्हते असे नाही.

भिंत चढू लागली. तिच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारले जाई आणि ते उतरून त्याच कडेच्या मातीत मुरे. मावशी धुलाईघरातून परत आली की आधी मागे जाऊन नव्या विटांवरून हात फिरवी. वहिनी पलीकडून ओरडे, "वन्सं, दिसेनाशा झालात! आता मी कुरबूर कुणाशी करू, विटांशी?"

"थोडे दिवस कळ काढ. झरोका ठेवायला सांगितलाय."

"झरोका नको, खिडकी ठेवा. तुमचं तोंड झरोक्यात मावायचं नाही."

भिंत चौकटीच्या वर गेली. छताच्या तयारीसाठी गवंड्याने विटांचा साठा फळ्यांवर आणि भिंतीच्या माथ्यावर रचून ठेवला. ११ फेब्रुवारीला दुपारी तो आणि त्याचा मजूर जेवायला समोरच्या अंगाला जाऊन बसले असताना भिंत सबंधच्या सबंध, एखादी फळी पडावी तशी, वहिनीच्या बाजूला आडवी झाली. छप्पर खाटेवर आले आणि छपरावर भिंत. गवंडी म्हणाला की आवाज फार मोठा नव्हता.

गल्लीत नंतर असे सांगितले जाऊ लागले की वहिनीला मावशीच्याच इस्पितळात आणले, आणि तिच्यावर टाकायची चादर मावशीनेच, कोणासाठी हे माहीत नसताना, आपल्या हाताने काढून दिली. तसे झाले नाही. वहिनीला जवळच्या दवाखान्यात नेले होते, आणि तिथे नेण्यासारखे काही राहिले नव्हते. त्या वेळी मावशी बॉयलरपाशी ओले अभ्रे पिळत होती. निरोप आला तेव्हा तिने हातातला अभ्रा आधी दोरीवर नीट पसरला. लोकांना घडले त्याहून जुळवलेले दुःख लागते. खऱ्या दुःखाला असा आकार नसतो.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा अभियंता आला. त्याने उघडा पडलेला पाया पाहिला, फरशीची अखंड कड पाहिली, आणि कागद मांडीवर घेऊन विचारले, "भिंत कोणाची?"

"साहेब, माझी," मावशी म्हणाली. "मीच सांगितलं होतं गवंड्याला की..."

"ताई, तुम्ही गप्प राहा," घड्याळजी म्हणाला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी असे कधी बोलला नव्हता. "साहेब, भिंत दोघांची आहे. संमतिपत्र आहे, माझी सही आहे. दोघांची लिहा."

"दोघांची म्हणजे तक्रार कोण कोणाविरुद्ध करणार?"

"कोणीच नाही."

अभियंत्याने तसे लिहिले. गवंडी कोपऱ्यात उभा होता; त्याला कोणी काही विचारले नाही. त्याने त्या गल्लीत पुन्हा काम घेतले नाही.

मावशीला शिक्षा हवी होती असे म्हणणे कदाचित धाडसाचे होईल. पण आपले म्हणणे कोणीतरी ऐकावे, ते आपल्या नावावर लिहावे, एवढे तिला हवे होते, आणि तेच तिला मिळाले नाही. काही दिवसांनी ती घड्याळजीच्या दुकानात गेली. त्याच्या डोळ्याला भिंग लावलेले होते. समोर एक मनगटी घड्याळ उघडे पडले होते, पण हात त्याला लागलेले नव्हते.

"भाऊ, फरशी मी फोडू दिली नाही. गवंडी नको म्हणत होता. मी ऐकलं नाही."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. त्याने भिंग काढले. "आम्ही वाट बघत होतो, ताई. हिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, फरशी फोडतील, खाट आत घ्यावी लागेल, पायऱ्यांवर फळी टाकून ठेव. मी फळी आणलीसुद्धा. मग कोणी विचारायलाच आलं नाही. आम्ही म्हटलं, बेत बदलला असेल. आपण कशाला विचारायचं? उगाच तुम्हाला वाटायचं, आम्ही खोड काढतोय."

मावशी उभीच राहिली. बसायला जागा नव्हती.

"भिंत खांद्याच्या वर गेली तेव्हा मला शंका आली. गवंडी गेल्यावर मी वरून दोरा सोडला, खाली नट बांधून. बोटभर फरक होता. मी घड्याळं करणारा माणूस, मला केसाएवढा फरक दिसतो. हा तर बोटभर होता. दुसऱ्या दिवशी गवंडी यायच्या आत दोरा काढून घेतला. त्याला वाटलं असतं, मी त्याच्या कामाची परीक्षा घेतोय."

"आणि वहिनी?"

"तिला सांगितलं. ती म्हणाली, आत्ता बोलू नका. काम थांबेल. वन्संचा मुलगा या खोलीपायी थांबलाय, थांबलं काम तर जाईल तो. छत टाकून झालं की भिंत आपोआप धरली जाईल."

"अहो, मग खाट तरी हलवायची!"

बाहेर जिन्यावरून माणसे चढत होती आणि त्यांच्या पावलांनी कपाटाची काच बारीक वाजत होती.

"मी म्हटलं तिला. ती म्हणाली, आपण खाट हलवली की वन्संना कळेल."

या प्रकरणात कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. असे वाक्य सहसा दिलासा म्हणून उच्चारले जाते. इथे ते आरोप म्हणून वाचावे. दोन घरांतली सगळी माणसे आणि एक गवंडी, एवढ्यांपैकी एकाने जरी दुसऱ्याला थोडा त्रास द्यायचे ठरवले असते, तर एक बाई जगली असती. इतकी वर्षे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून राहिल्यावरही त्या माणसांचा एकमेकांवर एवढाच विश्वास नव्हता, की आपण त्रास दिला तर तो सोसला जाईल. प्रेम पुरेसे होते. ते मागायला वापरता येते हे कोणालाच कोणी शिकवले नव्हते.

मुलगा महिनाअखेरीस निघाला. मावशीने त्याला थांब म्हटले नाही. गाडीत सामान चढवून झाल्यावर तोच मागे जाऊन उघड्या परसात उभा राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "आई, तिथं पाळणा बांधवला असता का तुला?"

"नाही."

"मग चल ना आमच्याबरोबर."

"भाऊ एकटे आहेत," ती म्हणाली. "दोन वेळचं बघायला कोणीतरी हवं."

पण घड्याळजीला दोन वेळचे कोणी बघायला नको होते. पहिले काही दिवस मावशी डबा भरून त्याच्या दाराशी ठेवी आणि संध्याकाळी तो धुऊन, पुसून, तिच्या दाराशी परत आलेला असे. जेवला की नाही हे त्यावरून कळत नसे. मग एक दिवस डबा भरलेलाच परत आला. त्यात चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या दिवशी समोरासमोर गाठ पडली तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही दमून येता. माझ्यामुळं तुम्हाला त्रास नको."

हेच वाक्य तिने आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटले होते.

काही महिन्यांनी पलीकडे विटा उतरल्या. घड्याळजीने दुसऱ्या गावचा गवंडी आणला होता. हद्दीच्या रेषेपासून हातभर आत, सगळी आपल्या जागेत, त्याने नवी भिंत घातली. पाया दोन्ही अंगांना सारखा होता. त्यासाठी घड्याळजीने आपली फरशी स्वतः उखडली. भिंत पुरुषभर उंचीच्या वर गेली. तिच्यात झरोका नव्हता. तिच्यामध्ये आणि मावशीच्या परसामध्ये हातभर रुंदीची एक पट्टी राहिली, जिच्यात माणूस शिरू शकत नाही.

काम चालू असताना मावशी एकदा गेली. "भाऊ, अर्धी माझी धरा."

"नाही ताई. ही माझ्या जागेत आहे. तुमचा हिच्याशी संबंध नाही."

"रागावलात माझ्यावर?"

"नाही," तो म्हणाला, आणि ते खरे होते. "पण आता या भिंतीपायी कोणाला काही विचारायला नको आणि कोणाचं काही लपवायलाही नको. एवढंच."

"मग मला बोला तरी काही. शिव्या द्या."

त्याने मान हलवली, गवंड्याला ओळंबा पुन्हा लावायला सांगितले, आणि त्याचे वजन दोऱ्याने खाली येईपर्यंत त्या दोऱ्याकडे पाहत उभा राहिला. गवंड्याने कपाळाला आठ्या घातल्या. घड्याळजीने त्याची पर्वा केली नाही.

भिंत पूर्ण झाली. दोन घरांत मिळून आता दोन माणसे राहतात. मुलगा पत्र पाठवतो, मुलगी झाल्याचे त्याने कळवले आहे. नव्या भिंतीचा अर्धा खर्च देऊ करण्यासाठी मावशी दर महिन्याच्या पगाराला पुढच्या दाराने घड्याळजीकडे जाते. तो तिला बसायला सांगतो, चहा करतो आणि पैसे घेत नाही. तो अर्धा खर्च अजून द्यायचा राहिला आहे.